गोंडा त्याच्याही वस्त्राला होता

नगर, सोमवार रात्र

चि. अभिजीत,

सलाम.

पोचल्याचा मेसेज मेघनाचा आला, तुझा नाही. असो. चर्चच्या मंडळीच्या यादीतून नाव कमी करावं असं पत्र तू फ्रीजवर चिकटवून गेलास, ते वाचलं. भाषा चांगली आहे, ऱ्हस्वदीर्घाची एकच चूक. सही मात्र थेट बाबांसारखी करायला लागलास.

ईस्टरच्या जेवणावर बाबांनी आवाज चढवायला नको होता, आणि "येशूला धर्म नकोच होता, हे सगळं मागाहून लोकांनी उभं केलं" म्हणून तूही ताट सरकवायला नको होतंस. पण मला भांडणावर लिहायचं नाही. तू एकटा पडशील, यावरही लिहायचं नाही. ते जिन्यात बोलून झालं. फक्त तुझ्या मुद्द्यावर लिहिते. इतकी वर्षं शब्बाथशाळा घेतली, मुद्दा हातातून सोडवत नाही.

बायबलातल्या मत्तयाचा तेविसावा अध्याय तू पाठ म्हणून दाखवलास. शास्त्री नि परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपुढारी, वस्त्राचे गोंडे मोठे करतात, मेजवानीत मानाची जागा धरतात, पुदिना-शेप-जिऱ्याचा दशमांश मोजून देतात आणि न्याय, दया, विश्वास सोडून देतात. सगळं खरं. पण त्याच वाक्याच्या शेपटाकडे बघ. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं येशू म्हणतो. जिरं टाकून द्या असं म्हणत नाही. आणि गोंड्याचं म्हणशील तर बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली ती बाई मागून येऊन कशाला हात लावते? त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला. म्हणजे मोशेच्या नियमाप्रमाणे गोंडा त्याच्याही वस्त्राला होता. दुसऱ्याला दिसावा म्हणून लांबवलेला नव्हता, एवढंच.

कुष्ठरोग्याला बरं केलं, तर त्याला काय सांगितलं? जा, याजकाला दाखव, नेमलेलं अर्पण कर. का? याजकानं शुद्ध ठरवल्याशिवाय गाव त्याला आत घेणार नव्हतं. कातडी बरी होऊन भागत नाही रे. परत माणसांत यावं लागतं, आणि माणसांत यायची वाट त्या काळी याजकाच्या दारावरून जात होती. तू वाकडला अकराव्या मजल्यावर राहतोस. शेजारच्या दारावरचं नाव तरी तुला माहीत आहे का?

बघ, आलंच.

दहावीच्या वर्षी तुला टायफॉईड झाला तेव्हा बाबा जामखेडला होते. रात्री रिक्षा मिळेना. सत्तूमामा बनियनवरच सायकल काढून गेले आणि स्टँडवरून रिक्षा घेऊन आले. तुला उचलून खाली त्यांनीच नेलं. पुढं वॉर्डात महिला मंडळाच्या बायकांनी पाळ्या लावून डबे आणले. शांतामावशीची पेज तेवढी तू प्यायचास, बाकी सगळं थुंकायचास. तेच सत्तूमामा आज दुसऱ्या गटात आहेत आणि कोर्टाच्या कागदावर बाबांच्या विरुद्ध त्यांची सही आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. जमिनीची केस, एका छपराखाली दोन उपासना, झावळ्यांच्या रविवारी फाटकात पोलीस. मला लाज वाटत नाही का? त्या दिवशी झावळी पदराखाली धरून घरी आले.

म्हणूनच लूकाचा चौथा अध्याय पुन्हा वाच म्हणते. नासरेथला तो आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. रिवाजाप्रमाणे, म्हणजे नेहमीचाच. यशयाचा ग्रंथ हातात दिला, त्यानं वाचला. पुढं जे बोलला ते लोकांना झोंबलं आणि त्याच्याच गावच्या मंडळीनं त्याला डोंगराच्या कड्यावर नेलं, ढकलून द्यायला. आपल्या पंचांनी तुझ्या हातातला माइक काढून घेतला, वाईटच केलं, पण कडा अजून लांब होता. आणि तिथून निसटून तो कुठं गेला? कफर्णहूमला. तिथं पुन्हा शब्बाथ दिवशी शिकवतोय, पुन्हा सभास्थानातच. हे तू सांगताना गाळतोस.

मंदिराचं तू म्हणालास ते मात्र मला सहज खोडता येत नाही. येशूनं यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलटले आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकाही. कबुतर हे गरिबाचं अर्पण. मरियेनं त्याला तान्हेपणी मंदिरात आणलं तेव्हा कोकराची ऐपत नव्हती, पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण होतं. अशा घरातला मुलगा त्या बैठका उलटतो, तेव्हा त्याचा राग प्रार्थनेवर नाही, गरिबाच्या प्रार्थनेवर चाललेल्या धंद्यावर आहे, असं मी धरते. पुढं रोज त्याच मंदिरात तो शिकवत होता. पण चिऱ्यावर चिरा राहणार नाही, हेही त्याचंच बोलणं, आणि सन 70 मध्ये रोमी सैन्यानं मंदिर पाडलंच. शोमरोनी बाईला तर त्यानं विहिरीवर सांगितलं, पित्याची उपासना ना या डोंगरावर होईल ना यरुशलेमात. तिथं तुझं पारडं जड आहे. तरी हेही बघ, ती बाई ते ऐकून एकटी घरी गेली नाही. घागर तिथंच टाकून गावात गेली आणि माणसं घेऊन आली.

नऊ वर्षांचा असताना तू पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर विचारलंस, "येशू ख्रिस्ती होता का?" ते हसले, म्हणाले, "नाही बाळा, यहुदी होता, मरेपर्यंत." तू म्हणालास, "मग आपण कुठून आलो?" मी तोंडावर पदर धरला होता. लोकांना वाटलं, लाजले. तुला आज खरं सांगते, मला इतका अभिमान वाटला होता की पुढचं गीत गाता आलं नाही.

तसे तुझ्यासारखे आपल्यात आधीही होऊन गेलेत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, मिशनचं काम इथं नगरलाच केलं आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. मिशनला ते जड गेलं असणार. दोनच वर्षांत, 1919 ला ते गेले आणि दरबार काही टिकला नाही. पण मंडळीतून बाहेर पडताना ते माणसं सोडून नाही गेले, माणसं गोळा करायलाच गेले. तू मात्र नुसतं दार लावून घेतोयस. दरबार काढ ना! मी येईन. पेटी तुझीच आहे, भाता तेवढा फाटलाय.

झालं, कीर्तन लागलं. माफ कर. तुझा पगार माझ्या पेन्शनच्या किती पट आहे ते मला ठाऊक आहे आणि तुला अक्कल शिकवायचं माझं वय राहिलं नाही. पण देव न करो, मेघनाला अपरात्री कळा सुरू झाल्या तर तू कुणाला हाक मारणार? अ‍ॅपला? तुझ्या सोसायटीत सत्तूमामा आहेत का कुणी? भांडकुदळ असले तरी चालतील.

बाळाच्या बाप्तिस्म्याचं मी विचारणार नाही. तुझा झगा धुऊन पेटीत ठेवलाय, एवढं फक्त सांगते.

नाव कमी करायचं पत्र मी अजून पुढं दिलेलं नाही. द्यायचं असेल तर ये आणि तुझ्या हातानं पाळकसाहेबांना दे. ते परवा विचारत होते, अभिजीत दिसला नाही उपासनेत. बाहेरगावी गेलाय म्हटलं.

मेघनाला बाळंतशोप आणि डिंक पाठवतेय, सध्या तिला देऊ नकोस, बाळंतपणानंतरचं आहे. तिला म्हणावं पाय खाली सोडून बसू नये. तूही रात्री उशिरा जेवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र बाबांनी वाचलं. म्हणतात, मार्काचा अकरावा अध्याय मी मुद्दाम टाळला. येशूच्या शापानं वाळलेल्या अंजिराची गोष्ट मार्कानं मंदिराच्या गोष्टीच्या अलीकडे-पलीकडे, दोन्हीकडे घातलीय, ती उगाच नाही. झाडच वाळलं तर नुसती साफसफाई कशी म्हणायची, तिथं पोराचं बरोबर आहे. मी म्हटलं, मग हे तुम्हीच त्याला फोन करून सांगा. तर म्हणाले, फोन चार्जिंगला आहे.