काका, तुम्ही लेथ बंद केलात

काका,

नाव लिहायचं नाही असं बजावलंयत म्हणून नाही लिहित. मुलं तुम्हाला काका म्हणतात, मीही काकाच म्हणते, नात्याचा हिशोब जुळत नाही पण असू दे.

लेकीच्या डोक्यात रोबोटिक्सची टीम काढायचं आलं तेव्हा ही सात पोरं होती, आठवी-नववीतली, आणि सोसायटीचं पार्किंग. फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं, की ही शाळकरी मुलांची रोबोटची स्पर्धा, मॅच अडीच मिनिटांची, त्यातली पहिली 30 सेकंद रोबोट आपल्या प्रोग्रॅमवर चालणार, कुणी रिमोटला हात लावायचा नाही, आणि सुरुवातीला अख्खा रोबोट 18 इंचांच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे.

मग आम्ही दारं वाजवायला लागलो. शाळेने एक खोली दिली आणि पंधरा दिवसांत परत घेतली, कारण नववी म्हणजे दहावीचीच तयारी. एक क्लासवाले म्हणाले रोबोट आम्ही तयार देतो, मुलांनी फक्त चालवायचा, आणि फी ऐकून मी पाणी मागितलं. एका कंपनीतल्या साहेबांनी मुलांसोबत फोटो काढला, पोस्ट टाकली, मग फोन उचलणं बंद. फोटोत पोरं छान आलीयेत, तेवढंच. ज्या पुण्यात 2014 ला बालेवाडीला आशिया-पॅसिफिकच्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा, एबीयू रोबोकॉन, झाली त्याच पुण्यात आमच्या पोरांना एक ड्रिल मशीन मिळेना.

तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो ते नऱ्ह्यात कुणीतरी बोट दाखवलं म्हणून. तुम्ही लेथवर कातकाम करत होतात, तुकडा मशीनला लावलेला, शेजारी शंभरेक पीस वाट बघत पडलेले. लेक काहीतरी पुटपुटली, आवाजात काही ऐकू येईना. मला वाटलं आता नेहमीसारखं "सोबत मोठं कोण आहे?" होणार, म्हणून मी पुढे झाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. मशीन बंद केलंत, फिरणारा चक पूर्ण थांबेपर्यंत गप्प उभे राहिलात, फडक्याला हात पुसलेत आणि तिला म्हणालात, "हां, आता बोल."

काका, पीसवर पैसे मिळणारा माणूस चालू मशीन का बंद करत नाही हे मला कळतं हो. मोठ्या एसी केबिनमध्ये तिचं बोलणं चालू असताना लोक मोबाईल बघत होते.

नंतर तुम्ही बरंच काही केलंत, कोपऱ्यातला बेंच दिलात, उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिल्यात, ते सगळं लिहीत नाही. पण ते बोल्टचं लिहायलाच हवं. फ्रेम 452 एमएमची, पोरं खूश की 457 च्या, म्हणजे 18 इंचांच्या आत आहोत. तुम्ही माप घ्यायचा व्हर्नियर तिच्या हातात दिलात आणि विचारलंत, "बोल्टचं डोकं कोण मोजणार, मी?" दोन्ही बाजूंना ॲलन बोल्टची डोकी, पाच-पाच एमएम, म्हणजे झालं 462. उत्तर तोंडावर होतं तुमच्या, तरी तिने दोनदा चुकीचं वाचेपर्यंत थांबलात. काउंटरसंक करायचं, म्हणजे डोकी पट्टीत बुडवायची, हे तिने शोधलं असं ती अजून सगळ्यांना सांगते, आणि तुम्ही मान डोलावता!

या स्पर्धेत ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम नावाची एक गोष्ट आहे, म्हणजे चुरशीने खेळा पण समोरच्याचा मान ठेवून. पोरांनी जजेससाठी ते पाठ केलं होतं. पाठ कशाला करायचं, रोज बघतच होती की, हेल्परला चहा आधी देऊन मग स्वतः घेणारा मालक. अशी माणसं आहेत आपल्याकडे, फक्त त्यांच्या दाराला बोर्ड नसतो आणि आपण बोर्ड बघून दार वाजवतो.

नंबर नाही आला हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. दुसऱ्या मॅचला बॅटरीची वायर निघाली आणि रोबोट मधोमध उभा. पोरं रडली नाहीत, वायरच्या टोकाचं क्रिंपिंग, म्हणजे दाबून बसवणं, कुणी केलं होतं यावर भांडत घरी आली.

आणि हो, तुमचा साडेपाच एमएमचा ड्रिल बिट आमच्या डब्यात निघालाय. रविवारी आणून देते, तोवर त्या बिचाऱ्या हेल्परला ओरडू नका.