नेव्हिल शूर कोणत्या पानावर झाला?

प्रिय भावा,

तुह्या फोनची वाट पाहून पाहून आता लिहूनच टाकतो, तसंही हे फोनवर मावणारं नाही. इकडे कापसाची वेचणी जोरात आहे, वर्गातले निम्मे पोट्टे मायसोबत वावरात जाऊन रायले. जे येतात त्यांच्यासोबत मी दिवाळीपासून शेवटच्या तासाले 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचत होतो, रोज दोन-चार पानं. परवा संपलं.

नेव्हिल आठवते ना तुले, जादूच्या शाळेतला हॅरीचा वर्गमित्र? बेडूक हरवणारा, आजीच्या धाकातला. आजीनं पाठवलेला तो काचेचा गोळा, काही विसरलं की लाल होणारा, तो लाल झाला पण आपण काय विसरलो हेच त्याले आठवेना. झाडूवरून पडून मनगट मोडलं तेव्हा पोट्टे लय हसले होते.

तर संपल्यावर मी नेहमीसारखा प्रश्न दिला, नेव्हिलमध्ये काय बदल झाला ते पाच ओळीत लिहा. सगळ्या वह्यांत एकच, 'आधी भित्रा होता, मग शूर झाला.' मी बरोबरच्या खुणा करत चाललो होतो तं सहावीतली एक पोरगी, तीन दिवस वेचणीले जाऊन त्याच दिवशी आलेली, उभी रायली न् म्हणे, सर पण तो शूर कोणत्या पानावर झाला?

मले उत्तर देता आलं नाही. मग आम्ही सगळे पुस्तक मागून पुढे शोधत बसलो, शाळा सुटली तरी कोणी उठलं नाही गा!

त्याले सतावणाऱ्या दुसऱ्या गटातल्या मालफॉयनं मंतर मारून पाय जखडून टाकले तेव्हा नेव्हिल उड्या मारत खोलीवर येतो, तक्रार कर म्हटलं तं नाही म्हणते, वरून सांगते का मी ग्रिफिंडोरमध्ये, म्हणजे शूर पोट्ट्यायच्या गटात, शोभत नाही हे मालफॉयनं आधीच सांगितलं आहे. मग हॅरी त्याले म्हणते, बारा मालफॉय मिळून तुह्या बरोबरीचे. पुढच्याच मॅचले नेव्हिल अडखळत अडखळत तेच वाक्य मालफॉयले ऐकवते, न् मालफॉयच्या साथीदारायच्या, क्रॅब-गॉईलच्या अंगावर एकटाच धावून जाऊन बेशुद्ध पडेपर्यंत मार खाते. पोरगी म्हणे, हॅरीचं बोलणं त्यानं पाठ केलं सर.

मी हे पुस्तक किती वेळा वाचलं असन, पण हे धागे जोडून कधी पाह्यले नव्हते.

आणि शेवटी तो मुठी वळून रात्री चोरून निघालेल्या हॅरी, रॉन न् हर्मायनी या तिघा दोस्तायचीच वाट अडवते तेव्हाही, लोकायपुढे उभा राहाय हे मले तूच सांगितलं होतं असं रॉनलेच म्हणते. म्हणजे हिंमत त्यायनंच दिलेली, न् ती त्यायच्यावरच वापरली! हर्मायनी मंतरानं त्याले जागेवर ताठ करून टाकते ते वेगळं, पण हटला नाही. मग फळ्यावर गटायच्या कपाच्या गुणांचा हिशोब मांडला, ग्रिफिंडोर 312, रॉनचे 50, हर्मायनीचे 50, हॅरीचे 60, झाले 472, न् मालफॉयच्या गटाचे, स्लिदरिनचेही 472. कप कोणामुळे आला? नेव्हिलच्या 10 मुळे. मागच्या बाकावरचा पोट्टा, जो गणितात कधी तोंड उघडत नाही, तो ओरडला पहिले.

भावा, आता मी 'बदल काय झाला' विचारणं बंद केलं. पुस्तक उघडा न् जिथं तो बदलताना दिसला तिथं बोट ठेवा, एवढंच सांगतो. वेगवेगळ्या पोट्ट्यायचं बोट वेगवेगळ्या ओळीवर पडते, मग भांडतात, मग परत वाचतात. हे परत वाचणंच तं पाहिजे होतं मले इतके वर्षं.

एक काम होतं. ती पोरगी विचारून रायली का नेव्हिलची आजीच काहून दिसते, मायबाप कुठं आहेत. मी सांगितलं नाही, चौथ्या भागात कळते म्हटलं, तोवर थांब. तं आता दुसरा, तिसरा, चौथा तिन्ही लागतात. नागपूरले गेला का पाह्य बरं कुठं मिळतात का, जुने असले, पानं निघाली असली तरी चालते, मी शिवून घेईन. वेचणी संपायच्या आत पाठव.

तुहाच