मीडिया रूममधल्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

काल पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, आता नावामागे डॉक्टर लागेल. पेढे घेऊन खाली आले तर मीडिया रूमला, म्हणजे तुम्ही जिवाणू वाढवायचं खाद्य बनवायचात त्या खोलीला, कुलूप. तुम्ही गेल्याच महिन्यात निवृत्त झालात, हे मला तिथं कळलं. लाज वाटली. म्हणून चारचौघांत लिहितेय.

तुम्हाला आठवतही नसेल. माझं तिसरं वर्ष होतं आणि डीएनए ऐकत नव्हता. सायटोसीन, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी', भरपूर असलेले छोटे धागे, किंचित आम्लात चारपदरी घडी घालून बसणारे. तापवत नेले की घडी 52 अंशांना सुटायची, पण निववत आणले तर 44 आल्याशिवाय जुळायची नाही. दर वेळी आठ अंशांचा फरक. माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला, "आधी बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) करायला शिका" म्हणाले आणि कागद परत सरकवला. सीनियर म्हणाले क्युव्हेट, म्हणजे रीडिंग घ्यायची छोटी पारदर्शक कुपी, धू. धुतली. सहा महिने धुतली.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे जिवाणू वाढवायच्या प्लेटा मागायला आले होते, रडायला नव्हे. पण झालं ते झालं. तुम्ही एवढंच विचारलंत, "ताई, रीडिंग तापवताना घेतलं का निववताना?"

हा प्रश्न वरच्या दोन मजल्यांवर कुणालाच सुचला नव्हता. सगळ्यांना आकडा हवा होता, तो कुठल्या बाजूनं आला हे कुणी विचारलंच नाही.

मग तुम्ही वॉटर बाथचं झाकण काढलंत. तापमान 50. आत दोन बाटल्या, दोन्हींत तेच अगार, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, दोन्ही सकाळपासून तिथंच. एक तिरकी केलीत, पाण्यासारखं हललं. दुसरी उलटी धरलीत, थेंब पडला नाही. "ही ऑटोक्लेव्हच्या कडक वाफेतून आली, ही फ्रीजमधून. अगार 85च्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही आणि चाळिशीच्या खाली उतरल्याशिवाय धरत नाही. मधे असला की त्याला विचारायचं, कुठून आलास बाबा?" उलटी बाटली माझ्या हातात दिलीत आणि चहाला गेलात.

त्या रात्री मी जुने पेपर उपसले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत काचाल्स्की आणि नॉयमान यांनी आरएनएच्या (डीएनएचंच भावंड) जुळलेल्या साखळ्यांत आम्ल घातलं, मग अल्कली घालून परत आणलं, तर परतीची वाट वेगळी निघाली. मधल्या जागी रेणू अडकून राहतो. खाली उतरायला जागा असते, पण आधी एक चढ चढावा लागतो. रेणूला आठवण असते ती अशी, असं ते म्हणत. काचाल्स्की 1972 साली लोद विमानतळावरच्या हल्ल्यात गेले. नॉयमान यांनी 1982 मध्ये विजेचे झटके देऊन पेशीच्या पटलातून जनुकं आत घालून दाखवली. आपल्या रक्तातलं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तर असंच ताणून बसलेलं असतं, उंदराच्या सापळ्यासारखं. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं चावा घेतला की फाटकन मिटतं आणि त्यालाच धरून ठेवतं.

तापवण्याचा वेग पाचपट कमी केला, तर माझे आठ अंश तीनवर आले. बफर बिघडलेलं असतं तर वेग बदलल्यावर फरक कशाला हलला असता? सरांनी दुसरा आलेखही पाहिला. या वेळी "बघा, मी म्हणत होतो" म्हणाले. काय म्हणत होते ते अजून कळलेलं नाही.

माणसं शिकलेली असतात आणि माणसं चांगली असतात; या दोन गोष्टी एका ठिकाणी भेटल्या तर नशीब. तुम्ही कुणाला कमी लेखून काही शिकवलं नाहीत, शिकवतोय असंही दाखवलं नाहीत.

काल परीक्षकांनी विचारलं, हिस्टेरिसिस, म्हणजे जायची आणि परतीची वाट वेगळी असणं, सोप्या शब्दांत सांगा. मी फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि परत ठेवला. दोन बाटल्यांचं सांगितलं. परीक्षक हसले, सरांनी "छान उदाहरण आहे" म्हणून मान डोलावली. ऋणनिर्देशात सरांना अर्धं पान आहे आणि तुम्ही नाही. काल तिथं उभी असतानाही तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. पेढे फ्रीजमध्ये ठेवलेत. पत्ता कळवा, घेऊन येते.

तुमची,
आठ अंशांवाली ताई