मिठागरावरच्या आजोबांना, जलचक्राच्या तासाबद्दल मनापासून थँक्यू

नमस्कार आजोबा,

हे तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय. शाळेत तुम्हाला चहा पाजून थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पाचवीच्या पोरांना जलचक्राचं चित्र पाठ असतं. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, पाऊस, नदी, परत समुद्र. आणि सूर्य कुठे, तर वरच्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा हसरा, बाणांशी त्याचा काही संबंधच नसल्यासारखा. बाष्पीभवन, सांद्रीभवन पोरं धडाधड म्हणून दाखवतात पण हे सगळं चालवतं कोण असं विचारलं की वर्ग गप्प. वर डोक्यात पक्कं बसलेलं की पाणी उकळलं तरच वाफ होते, मग बाई समुद्र कुठे उकळतो?

याचं उत्तर तुम्ही कॅनमधून घेऊन आलात. भरतीचं खाडीचं पाणी. शाळेच्या गच्चीवर तीन पराती, एक भर उन्हात, एक टाकीच्या सावलीत, एक उन्हातच पण वर प्लॅस्टिक ताणून बांधलेली. आणि पाणी सुकेपर्यंत तुम्ही पोरांना खाडीपलीकडच्या मिठागराच्या गोष्टी सांगितल्यात, पाऊस संपला की बांध नीट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका चौकोनातून दुसऱ्यात सोडायचं, पाणी आटत आटत घट्ट होत जातं आणि शेवटी मीठ धरतं. "आम्ही चूल कधी पेटवली नाय, सगळं उन्हानंच केलं," हे तुम्ही म्हणालात ना, तिथे उकळण्याचा प्रश्न संपला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं हे मी दरवर्षी सांगते, पण परातीच्या तळाशी पांढरा थर बघणं वेगळंच. (चाटायला कोणालाही दिलं नाही, खाडीचं पाणी आहे ते, पालकांनी काळजी करू नये.)

प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते, त्यातला एक आणि परातीतला एक असे शेजारी शेजारी काळ्या पाटीवर सुकवायची आयडिया पण तुमचीच. एकाचा पांढरा डाग राहिला, दुसऱ्याचा काहीच नाही. समुद्र खारट आणि पाऊस गोडा का, हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते सावलीतल्या परातीचं. ती हळूहळू का होईना पण आटलीच, आणि मागच्या बाकावरच्या एकीने लगेच पकडलं, म्हणजे उन्हाची गरजच नाही! तुम्ही म्हणालात, वारा पण पायजे, नुसत्या उन्हानं भागत नाय. मग वारा कोण करतं? तुम्ही खाडीकडे हात केलात, दुपारी इथून वारा येतो, रात्री उलटा जातो. पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे हेच की! जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते म्हणून. सावलीतल्या पाण्याला लागलेली उष्णता आजूबाजूच्या हवेची, आणि हवा तापवली कोणी? फिरून फिरून सूर्यच.

तुम्ही गेल्यावर आम्ही हिशोब केला तो सांगते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात हजार वॅटची इस्त्री साधारण 40 मिनिटं चालेल. आपल्या ठाण्याकडे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर अडीच हजार लिटर. गुणाकार पोरांनीच केला, एक लाख मिनिटं. इस्त्री 69 दिवस बंदच करायची नाही, आणि ते फक्त एका फरशीएवढ्या मोठ्या चौकोनासाठी! गुणाकार चुकला असेल म्हणून तिघांनी परत केला. तेवढी ऊर्जा सूर्याने आधीच तिकडे अरबी समुद्रावर, त्याच्याही खाली विषुववृत्तापलीकडच्या हिंदी महासागरावर खर्च केलेली असते. आणि ती वाया जात नाही, वर ढगात वाफेचे थेंब होताना तीच उष्णता सुटते आणि ढगाला आणखी वर चढवते. पृथ्वीचा पृष्ठभाग सूर्याची जेवढी ऊर्जा शोषतो त्यातली साधारण निम्मी पाण्याची वाफ करण्यातच जाते हे सांगितल्यावर एकाने वहीतल्या चित्रात कोपऱ्यातला सूर्य खोडून सगळ्या बाणांच्या खाली "सूर्य" असं लिहिलं. मी त्याला पूर्ण मार्क दिले.

आता पोरं नळाचं पाणी मोरबे धरणातून येतं एवढ्यावर थांबत नाहीत, धरणात कुठून, सह्याद्रीला अडलेल्या ढगातून, ढग कुठून, असं मागे मागे जातात आणि सूर्यापाशी पोचतात. हे तुमच्यामुळे झालं आजोबा. तुम्ही म्हणता मी शाळा शिकलो नाय, पण ऊन, वारा, भरती, आटणारं पाणी हे तुम्ही उभा जन्म जसं बघितलंय तसं आम्हा शिक्षकांपैकी कोणीच बघितलेलं नाही आणि मिठागरं कमी होत चाललीत तशी हे सांगणारी माणसंही कमी होतायत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक विनंती आहे. पाऊस संपून पुन्हा ऊन धरलं की सहावीच्या मॅडमना पण त्यांच्या वर्गासाठी तुम्ही हवे आहात. कॅन आम्ही उचलू, तुम्ही फक्त भरतीची वेळ सांगा.

तुमची,
ऐरोलीच्या शाळेतली बाई

(आणि माझा अख्खा पाचवीचा वर्ग)