रडारचे खोके आपटले यार्डात, नाव मात्र समुद्राचे

दि. ६ ऑगस्ट २०२५
मुंबई

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(आमचा माल न्हावा शेव्याहून परदेशी पाठवणारी कंपनी)

विषय : रडार अँटेनाच्या खोक्याची नासधूस आणि आपल्या २८ जुलैच्या पत्रातील चुकीचा खुलासा

महोदय,

आपले २८ जुलैचे पत्र मिळाले. ‘पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे धक्के बसले, पॅकिंग अपुरे होते,’ असे आपण त्यात दोन ओळींत लिहून मोकळे झालात. पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. बाकी काहीच खरे नाही, आणि ते आपल्याच गेट पासवरून सिद्ध होते.

माल काय होता, हे पुन्हा सांगतो, कारण आपल्या यार्डातल्या लोकांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही. एक्स बँडच्या रडारचा अँटेना आणि त्याला फिरवणारा पेडेस्टल, दोन्ही एकाच खोक्यात. खोके ७.२ मीटर लांब, २.९ मीटर रुंद, वजन ६,८०० किलो. साध्या कंटेनरची रुंदी २.४४ मीटर, म्हणून फ्लॅट रॅक, म्हणजे बाजूच्या भिंती व छत नसलेला कंटेनर, घेतला आणि त्याचे जादा भाडेही मोजले. संरक्षण खात्यासाठीचा माल असल्याने स्कोमेटच्या, म्हणजे संवेदनशील माल निर्यात करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवान्याची धावपळ आम्ही केली. ग्राहक कोणत्या देशातला, हे त्याच कारणाने इथे लिहीत नाही.

पेडेस्टल एका टोकाला असल्यामुळे खोक्याचा गुरुत्वमध्य मधोमध नाही. तो कुठे आहे याची खूण चारही बाजूंना लाल रंगात काढली होती. उचलण्याच्या चार जागाही दाखवल्या होत्या. आपल्या कोटेशनमध्ये स्प्रेडर बीमसह (पट्टे एकमेकांपासून लांब धरणाऱ्या आडव्या तुळईसह) ५० टनी क्रेन लिहिली होती आणि तिचे पैसे बिलात लावलेले आहेत.

१२ जूनच्या रात्री अंधेरीहून ट्रेलर निघाला. पवई, ऐरोली करत तो १३ तारखेला पहाटे २ वाजून ७ मिनिटांनी आपल्या यार्डात शिरला. ही वेळ आपल्या गेट पासवर आहे. खोक्याच्या आत आम्ही शॉक रेकॉर्डर बसवला होता. त्यात पहाटे ३ वाजून ५२ मिनिटांनी ११.४ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ११.४ पट, धक्का नोंदला गेला आहे, १८ मिलिसेकंदांचा. जहाज सुटले २१ जूनला. आठ दिवस आधी समुद्र यार्डात आला होता का?

आणि समुद्राचा स्वभावही थोडा समजून घ्या. जहाज डोलते ते सावकाश. एका बाजूला कलून परत यायला त्याला बरेच सेकंद लागतात. कंटेनरात माल कसा बांधावा याची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, ती सर्वांत वाईट समुद्रासाठीही आडव्या दिशेने ०.८ जी धरायला सांगते. आमच्या रेकॉर्डरमध्ये पुढच्या प्रवासातला समुद्र स्पष्ट दिसतो : लांब, मऊ लाटा, कुठेच ०.६ जीच्या वर नाहीत. डोळ्याचे पाते लवण्याआधी संपणारा ११ जीचा धक्का एकाच गोष्टीने बसतो, लाकडी खोके काँक्रीटवर पडले की.

ते कसे पडले, हेही आम्हाला कळले आहे. ट्रेलरच्या ड्रायव्हरने मोबाइलवर फोटो काढला आहे. त्यात ५० टनी क्रेनचा पत्ता नाही, हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, आहे. दोन पट्टे खोक्याच्या मधोमध, आमच्या लाल खुणेपासून चांगले चार फूट लांब. जड टोक खाली जाणारच होते. याच महिन्यात लालबाग-परळच्या कारखान्यांतून वीस-वीस फुटी मूर्ती गर्दीतून, केबलच्या वायरींखालून मंडपात जात आहेत. तिथली पोरे ट्रॉलीचे एक चाक खड्ड्यात गेले तरी श्वास रोखतात. तुम्ही तर रिकाम्या यार्डात होतात.

खोक्याच्या बाहेर धक्का दाखवणारे स्टिकर होते. कस्टमने १६ जूनला काढलेल्या फोटोत ते लाल झालेले आहे. कोणीही आम्हाला फोन केला नाही. तेव्हाच कळवले असते तर खोके अंधेरीला परत आणून आठवड्यात दुरुस्त केले असते. त्याऐवजी ते तसेच जहाजावर चढले, आणि १८ जुलैला ग्राहकाच्या माणसांसमोर उघडले गेले. आमचा इंजिनिअर तिथे हजर होता. त्याची अवस्था तुम्हाला सांगून उपयोग नाही.

अँटेनाचा पत्रा एका कोपऱ्याला ३ मिलिमीटर वाकला आहे. ‘तीनच मिलिमीटर’ असे आपले अधिकारी फोनवर म्हणाले. एक्स बँडची लहर साधारण ३ सेंटिमीटरची असते, म्हणजे हा तिचा दहावा हिस्सा झाला. एवढ्याने अँटेनातून निघणारा झोत पसरतो आणि बाजूला नको तिथे फुटतो. मग एकीकडची बोट रडारला दुसरीकडे दिसू शकते.

पॅकिंगबद्दल आपण जे लिहिले त्याने आमचा गळा आवळला गेला आहे, म्हणून हे पत्र. आमचा विमा ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए’ या मालविम्याच्या ठरावीक अटींखालचा आहे. त्यात अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. विमा कंपनीने आपलेच वाक्य दाखवून दावा अडकवला आहे. खोके ५ जी सहन करणाऱ्या वायर रोप स्प्रिंगांवर ठेवलेले होते. समुद्रासाठी ते पुरून उरले असते. हायड्रावरून पडण्यासाठी कोणी पॅकिंग करत नाही.

तेव्हा २८ जुलैचे पत्र लेखी मागे घ्या आणि तशी प्रत आमच्या विमा कंपनीला पाठवा. १३ जूनच्या पहाटे २ ते ५ या वेळेतले यार्डाचे सीसीटीव्ही चित्रण पुसू नका. आमचा सर्व्हेअर ते पाहायला येईल. त्या रात्रीच्या क्रेनची नोंदवही त्याला द्या. न वापरलेल्या क्रेनचे पैसे परत करा. अँटेना परत आणण्याचा, सरळ करून पुन्हा तपासण्याचा हिशेब वेगळा जोडला आहे.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास पुढचे पत्र आमच्या वकिलांकडून येईल.

आपला,
संचालक (उत्पादन)
अंधेरी (पूर्व), मुंबई

सोबत : गेट पासची प्रत, रेकॉर्डरचा आलेख, ड्रायव्हरचा व कस्टमचा फोटो, खर्चाचा हिशेब