टाकीच्या खालचं कपाटही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या समुद्री मत्स्यालयांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती. पण एवढं सगळं जिवंत कशामुळे राहतं, याबद्दल लेखात एकच वाक्य होतं: 'चांगला फिल्टर बसवून घ्यावा.' ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. कारण एवढ्याच सल्ल्यावर विसंबून मी पाच वर्षांपूर्वी तीन मासे गमावले.

निवृत्त झाल्यावर मी २०० लिटरची टाकी घेतली. दुकानदाराने कॅनिस्टर फिल्टर (स्पंज भरलेला बंद डबा, त्यातून पाणी फिरतं) आणि मिठाची पिशवी दिली आणि सांगितलं, "तिसऱ्या दिवशी मासे सोडा, पाणी काचेसारखं झालेलं असेल." पाणी खरोखरच काचेसारखं होतं. नवव्या दिवशी सकाळी पडदा सारला, तर दोन मासे तळाशी आडवे पडलेले आणि तिसरा वर येऊन धापा टाकत होता. दुपारपर्यंत तोही गेला. माशांना मारणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नायट्रोजनचं चक्र मी तीस वर्षं फळ्यावर काढलं, पण घरातल्या टाकीसमोर उभी राहिले तेव्हा ते मला आठवलं नाही. ही खंत अजून जात नाही.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. खरा फिल्टर म्हणजे हे जिवाणू. त्यांना बसायला सच्छिद्र जागा लागते आणि वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कॅनिस्टरच्या स्पंजमध्ये घाण अडकते, पण ती पाण्यातच राहते आणि कुजते. दर आठवड्याला उघडून धुतला तर तो चालतो. माझ्या मनगटाला ते झेपत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांकडून ते होत नाही.

दुसऱ्यांदा मी आधी वाचलं, मग खरेदी केली. जर्मनीत रुळलेल्या 'बर्लिन पद्धती'त स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि सच्छिद्र खडक एवढ्यावरच भर असतो. खडकाच्या पृष्ठभागावर अमोनिया खाणारे जिवाणू राहतात. आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भागातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. पद्धत उत्तमच आहे. मात्र तिच्यातला 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा समुद्रातून काढलेला प्रवाळाचा सांगाडा असतो, आणि तुमच्या लेखात तोच घ्यायला सांगितला आहे.

कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. जिवंत असो वा मेलेलं, आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळवसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. मग मालवणच्या पाण्यातला खडक कुणाच्या दिवाणखान्यात कसा चालेल? मलाही एका दुकानात ओल्या गोणपाटाखालून असा एक तुकडा काढून दाखवला होता. त्यावर प्रवाळाच्या चांदण्या स्पष्ट दिसत होत्या. मी घेतला नाही.

माझ्याकडे भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकचे खडक आहेत. ते कोरडे येतात, जिवाणू आपले आपण वाढवावे लागतात, एवढाच फरक. जवळजवळ सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि परीक्षानळीत थेंब घालून बघायचं. दुसऱ्या आठवड्यात अमोनियाची नळी गडद हिरवी झाली, पुढे हळूहळू पिवळ्यावर आली. मग नायट्राइटची जांभळी झाली. एकोणचाळिसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी राहिली, तेव्हा दोन विदूषक मासे आणले. तेही हॅचरीत वाढलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्किमरवर करा. त्यात हवेचे बारीक बुडबुडे सुटतात, प्रथिनं त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमतात. अमोनिया व्हायच्या आधीच घाण पाण्याबाहेर पडते. दर तीन-चार दिवसांनी मी तो कप धुते. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी असतं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीसारखा वास. तो वास आला की मला बरं वाटतं. खोक्यावर लिहिलेल्या लिटरांवर मात्र भरवसा ठेवू नका. २०० लिटरच्या टाकीला मी ४०० लिटरचा स्किमर घेतला.

स्किमर आणि पंप खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, बसवले आहेत. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीचं बरंच पाणी खाली उतरतं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी, नाहीतर पाणी थेट फरशीवर. मासे आणायच्या आधी मी मुद्दाम बटण बंद करून पाण्याची पातळी पाहिली आणि काचेवर स्केचपेनने खूण केली. डोंबिवलीत ती खूण दर पावसाळ्यात उपयोगी पडते.

पाण्याचंही तसंच. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी वापरू नका, बहुतेकांत चवीसाठी क्षार राखलेले असतात. टाकीला आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य दाखवणारं पाणी लागतं. बाष्पीभवनाने घटेल तेवढं हेच गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की प्रवाळखडकाबद्दलची दुरुस्ती ठळकपणे छापा. आणि पुन्हा कधी समुद्री टाकीवर लेख आला, तर त्यात खालचं कपाट उघडून काढलेलं एक छायाचित्रही द्या.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)