सर्जेकोटच्या होडी-मिस्त्रींना, एका उलट्या होडीबद्दल

मालवण

ती. मिस्त्रीमामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रात तुमचं नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहे. "नाव घातलंस तर सगळे आपापल्यो गाडयो घेवन हय येतले, मगे होडयो कोण करतलो?" असं तुम्ही म्हणालात, आणि ते खरंच आहे. पण पत्र उघड लिहितो आहे, कारण गेलं वर्षभर जो भेटेल तो विचारतो, "मास्तर, ती लाल गाडी कोणी केली?" मी 'होडीवाल्यांनी' म्हणालो की लोक हसतात. एकदा नीट सांगून टाकतो. नातीला वाचून दाखवायला सांगा. मध्येच उठून जाऊ नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी गाडीची ओळख. बंगळूरच्या सान मोटर्सची ही सान स्टॉर्म. दोनच माणसं बसतात, छप्पर काढता येतं. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आजच्या साध्या गाड्यासुद्धा हिला मागे टाकतात, हे मला माहीत आहे, सांगायला येऊ नये. पण वजनाला हलकी, जमिनीला टेकलेली आणि डोक्यावर उघडं आभाळ. कोळंबच्या पुलावरून आचऱ्याकडे निघालं की चाळीसचा वेगही ऐंशीचा वाटतो. आणि मुख्य म्हणजे हिची बॉडी फायबरची. खाऱ्या वाऱ्याला पत्रा टिकत नाही, हिला पत्राच नाही, म्हणजे आपण जिंकलो, अशा हिशोबाने मी ती गोव्यातून जुनी उचलली. पत्रा नसल्याची दुसरी बाजू पुढे कळली.

चिऱ्यांचा एक डंपर मागे घेताना त्याने माझ्या गाडीचा डावा पुढचा कोपरा चिरडला. मडगार्डचा तुकडा आणि दिव्याभोवतीची चौकट, दोन्हींचा चुरा झाला. पत्र्याचं काम करणारे चार गॅरेजवाले पालथे घातले. पत्रा ठोकून बाहेर काढता येतो, फायबर ठोकलं की आणखी फुटतं. तिघांनी हात जोडले. चौथ्याने हो म्हणून जाळी लावली, वर मूठ मूठ पुट्टी थापली, रंग मारला आणि पैसे घेतले. कसालच्या रस्त्यावर पंधराव्या दिवशी तो अख्खा कोपरा रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने थांबून तो उचलून माझ्या हातात दिला, तेव्हा लाजेने मेलो.

तो तुकडा घेऊनच मी तुमच्याकडे आलो होतो. सुरमई घ्यायला बंदरावर गेलो होतो, तर वाटेत तुमच्या मांगरात, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, होडी पालथी घातलेली दिसली आणि तोच उग्र वास आला, जो माझ्या तुटलेल्या मडगार्डला येत होता. तुम्ही तुकडा हातात घेतलात, पुट्टीवर नख मारलंत आणि म्हणालात, "तोंडाक पावडर लावतत. पण तोंडच नाय तर लावतलंस खंय?" मग गाडीला एक फेरी मारलीत, बॉनेटखाली हात घालून आतली खरखरीत बाजू चाचपलीत. "ह्येका पत्रो खंय आसा? ही होडीच. उलटी घातलेली."

मामा, गाडीबद्दल इतकं नेमकं मला तोवर कोणीच बोललं नव्हतं.

आता कामाबद्दल. लोक मला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजे मॅट, आणि तिला घट्ट धरणारं रेझिन. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, म्हणजे सुकण्याला वेग देणारं द्रावण, घालून पुरतं ढवळायचं आणि मगच ते घट्ट करणारा हार्डनर, तोही शंभराला एक-दोन भाग. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. म्हणून तुमच्या मांगरात दोन्ही बाटल्या दोन टोकांच्या खांबांना बांधलेल्या असतात. मी एकदा मदत म्हणून दोन्ही एकाच हातात घेऊन आलो, तेव्हा तुम्ही जी शिवी दिलीत ती इथे लिहिता येत नाही. त्या शिवीबद्दल पहिले आभार.

पुट्टीवाल्याची चूक काय झाली तेही तिथेच समजलं. एकदा पक्कं झालेलं फायबर नव्या फायबरला आपणहून धरत नाही, ते खरवडून उघडं करावं लागतं. तुम्ही मोडक्या कडेपासून चार बोटं आतपर्यंत ग्राइंडरने उतार काढलात, पाखाडीसारखा. पुस्तकी हिशोब जाडीच्या बारा पटींचा आहे, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर. तुमची चार बोटं त्याच्या दुप्पट भरतात. विचारलं तर म्हणालात, समुद्रावर पुस्तक भिजतं. खरवडल्यावर ॲसिटोनने पुसलंत आणि मला तिथे हात लावू दिला नाहीत, कारण मी सकाळीच डॅशबोर्डला पॉलिश केलं होतं आणि बोटांना सिलिकॉन होतं.

पण खरी गंमत कोपऱ्याची. हा भाग बाजारात मिळत नाही. उजवा कोपरा शाबूत होता, तेव्हा त्याचा साचा काढून डावा ओतावा असं मी मोठ्या हुशारीने सुचवलं. तुम्ही तुमचा उजवा पंजा माझ्यासमोर धरलात. "ह्येचो साचो काढलंस तर परत उजवोच हात येतलो." मी गप्प. मग तुम्ही पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे बाकाचे नमुने, कापायला बसलात. होडीची एक बाजू ज्या फर्म्याने बेततात, तोच फर्मा पालथा घातला की दुसरी बाजू मिळते. उजव्या कोपऱ्यावर दर दोन इंचांवर एक असे अकरा फर्मे तुम्ही घासून घासून बसवलेत, त्यांना नंबर घातलेत, मग सगळे उलटे करून डाव्या बाजूला फासळ्यांसारखे उभे केलेत. मध्ये फोम भरून तो फर्म्यांच्या कडेपर्यंत तासलात. त्यावर पातळ मॅटचा एक थर, मग ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन, आणि आतून दिव्याच्या बोल्टांजवळ रोविंगची, म्हणजे काचेच्या जाड विणलेल्या कापडाची, पट्टी. "उजवी आसा मा? मगे डावी गावली म्हण," असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात. मला वाटलं, मला धीर देताय. तुम्ही पद्धत सांगत होतात.

लोखंडी रोलरने थरातली हवा काढायचं काम मला दिलंत. पांढरा ठिपका दिसला म्हणजे आत हवा राहिली, तिथून पुढेमागे फुटणार. अंगाला अशी खाज सुटली की दोन रात्री झोप नाही. खाजऱ्या अळवाने चार बोटं सुजलेला माणूस मी, तरी ही खाज वेगळीच. गार पाण्याने धू, गरम पाणी घेऊ नको, हे तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. हे आभारपत्र असलं तरी एवढी तक्रार नोंदवतोच.

मग थांबणं. मे महिना संपत आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या होड्या वर ओढून झाप घालून बसवायच्या, तुमच्याकडे रांग लागलेली. दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, वरची बाजू चिकट राहते. मला शाळा सुरू व्हायच्या आत गाडी हवी होती. "घाई आसली तर पत्र्याची घेवची होती," एवढंच बोलून तुम्ही वर जाडसर ताडपत्री टाकलीत. पावसात अडीच महिने माझी गाडी तीन होड्यांच्या मध्ये उभी होती. रोज जाता-येता बघायचो. नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या, त्यानंतर माझा नंबर लागला, आणि मग तुम्ही ती आणखी दहा दिवस नुसती उन्हात ठेवलीत, जे काही आकसायचंय ते रंगाच्या आधी आकसू दे म्हणून. पेंटरला बजावून सांगितलंत की भट्टीत घालू नको, आतल्या बारीक हवेला फोड येतील. आज त्या कोपऱ्यावर उन्हं तिरपी पडली तरी जोड ओळखता येत नाही.

दुसरं काम तुम्ही न सांगता केलंत. या गाडीला एक भूतबाधा होती. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा, इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा लुकलुकायचा. रिले बदलून झाले, स्विच बदलून झाले, एका इलेक्ट्रिशियनने सगळी वायरिंग नवी घालायचा खर्च सांगितला. तुम्ही विचारलंत, "हय करंट परत जातलो खंयसून?" साध्या गाडीत दिव्याची परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. इथे फायबर, त्यातून करंट जातच नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला काळी वायर परत आणावी लागते. ती एक वायर मिठाने खाल्ली होती, आणि बिचारा करंट शेजारच्या बल्बातून वाट काढत होता. तुम्ही बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर ओढून दिव्याला टेकवलीत आणि भूत पळालं. होडीत हे रोजचंच असल्यामुळे तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र दोन वर्षं नारळ फोडत होतो. नंतर सगळ्या काळ्या वायरी एका पितळी पट्टीवर आणल्यात, कल्हईची तांब्याची वायर घातलीत आणि वर ग्रीस फासलंत. साधं तांबं इथे दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं.

लोखंड काही चुकलं नव्हतंच. बॉडी फायबरची, पण खालचा सांगाडा लोखंडी. तारेचा ब्रश, गंजावरचं द्रावण, जस्ताचा प्रायमर, सगळं झालं. होडीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात, तसा गाडीला लावू का, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की तो पाण्यात बुडालेला असला तरच लोखंडाच्या आधी झिजतो, रस्त्यावर नुसता वजनाला. लाकडी होड्यांना पूर्वी माशाचं तेल चोपडत, तसं खालून चोपडायची तुमची सूचना मात्र मी नाकारली. आमच्या आळीत मांजरं फार.

इंजिनाचं काम कुडाळला झालं, त्यांचे आभार वेगळे मानले आहेत. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, होसपाइप. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये विहिरीचं मचूळ पाणी ओतलं होतं, तो आतून भरून गेला होता. इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकेल असं वाटेना, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या.

आणि तुम्ही ज्या गोष्टीला नाही म्हणालात, तिच्याबद्दलही लिहायला हवं. कोपरा झाल्यावर मला चेव चढला होता. मागे मोठा स्पॉयलर, बॉनेटवर हवेसाठी नाकाड, रुंद मडगार्ड अशी चित्रं काढून वही घेऊन आलो. तुम्ही वही बघितलीत. "ह्येका पंख कित्याक? उडतलंस?" मग शांतपणे सांगितलंत की होडीला मागे वजन टाकलं की नाक वर येतं, आणि हिची ओढ तर पुढच्या चाकांत. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नोंदणी-नूतनीकरण दर पाच वर्षांनी, तेव्हा आरटीओत तिची तपासणी होते, आणि गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल केलेले कायद्याला चालत नाहीत. ते मला वर्गात चाळीस पोरांना नियम शिकवणाऱ्या मास्तरला आठवायला हवं होतं. वही तुमच्याकडेच राहिली. तिच्या पानांचे तुम्ही पुढच्या होडीचे फर्मे केलेत असं नात सांगत होती.

बदल तुम्ही एकच केलात. डिकीत पावसाचं पाणी साचायचं. पंचवीस वर्षांचं कापडी छप्पर आणि आपला पाऊस, दुसरं काय होणार. मी रबरं बदलत बसलो होतो. तुम्ही डिकीच्या तळाला सगळ्यात खोलगट जागी भोक पाडून होडीचं पितळी बूच बसवलंत. पाणी येतलाच, जावक वाट दी, म्हणालात. आरटीओच्या साहेबांनी ते बूच बघितलं, फिरवून बघितलं, परत लावलं आणि काही बोलले नाहीत.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. मॅट, रेझिन आणि चहाचे पैसे तेवढे घेतलेत, बाकीचे पैसे टेबलावर ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी माझ्याच शाळेच्या ऑफिसात पोचले. म्हणून हे पत्र. आमची ही तुम्हाला नमस्कार सांगते, तिचं म्हणणं गाडी आल्यापासून मी कमी चिडतो.

एक अडचण आहे. ते बूच गेल्या रविवारी देवबागच्या वाळूत पडलं. धुवायला काढलं होतं, लाट आली. तात्पुरता नारळाच्या सोडणाचा बोळा कोंबला आहे, टिकलाय. तसलंच एक बूच काढून ठेवा, शनिवारी दुपारची शाळा सुटली की येतो. येताना हार्डनरची बाटली आणतोच, वेगळ्या पिशवीतून.

आपला,
उलट्या होडीवाला मास्तर